टोळीतला भरवसा, खिशातला फोन

संपादकांनी यंदा विषय दिला ‘भरवसा’. सोबत एक ओळ होती: तुम्ही शिकागोला असता, तिथल्या टोळ्यांवर लिहाल का? शिकागोत राहणाऱ्या मराठी माणसाला हा प्रश्न नवा नाही. देशातून येणारा पाहुणा सामान गाडीत ठेवायच्या आधी गोळीबाराचं विचारतो. आम्ही राहतो नेपरव्हिलला. आमचं शिकागो म्हणजे डेव्हन ॲव्हेन्यूवरचा किराणा आणि मंडळाचा गणपती. मधल्या पश्चिमेकडच्या वस्त्या आम्ही हायवेवरून ओलांडतो, गाडीच्या काचा वर करून.

गोळीबारावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला वेगळ्या प्रश्नाने ओढलं. टोळीत वावरणारी पोरं एकमेकांना सांभाळतात कशी? कोण कोणासाठी झीज सोसतो, केव्हा सोसतो आणि केव्हा हळूच अंग काढून घेतो? समाजशास्त्रज्ञ हे आता प्रयोग करून मोजू पाहतात आणि त्यासाठी साधन निवडतात ते पोरांच्याच खिशातला फोन. म्हणजे भरवसा मोजायचा, तोही अशा यंत्राने ज्याच्यावर पोरांचा स्वतःचा काडीचा भरवसा नाही.

मॅडिसन आणि पुलास्की

वेस्ट गारफिल्ड पार्कमध्ये मॅडिसन आणि पुलास्की हे रस्ते एकमेकांना छेदतात तो चौक एके काळी पश्चिम शिकागोची मोठी बाजारपेठ होता. १९६८ साली मार्टिन लूथर किंग यांची हत्या झाल्यावर मॅडिसन रस्ता जळाला, आणि त्यानंतर तो पूर्वीसारखा उभा राहिलाच नाही. आज तिथे बुटांची दुकानं आहेत, तळलेली कोंबडी-मासळी विकणारे आहेत, केसांचे टोप विकणारे आहेत. मधेच एखादी इमारत पाडलेली, तिच्या जागी गवत. खांबांवर पोलिसांचे कॅमेरे, त्यांच्यावर निळा दिवा. दिवा असा बसवलाय की कॅमेरा आहे हे लांबूनच कळावं.

याच वस्तीत २००० साली गॅरी स्लटकिन या साथरोगतज्ज्ञाने ‘सीझफायर’ नावाचं काम सुरू केलं. हिंसा साथीसारखी पसरते, तर साथ रोखतात तशी ती रोखू, असा त्याचा विचार. त्यासाठी त्याने पूर्वी रस्त्यावर वावरलेल्या, तुरुंग पाहून आलेल्या माणसांना कामाला घेतलं. भांडण पेटायच्या आधी जाऊन मध्ये पडायचं, हे त्यांचं काम. २०११ मध्ये त्यांच्यावर ‘द इंटरप्टर्स’ हा माहितीपट आला, तो अनेकांनी पाहिला असेल.

मी त्या चौकात दुपारी गेले. दुकानाच्या दारात पाच-सहा पोरं उभी होती, वय पंधरा ते वीस. आपल्याकडच्या कट्ट्यावर उभी असतात तशीच, एक पाय भिंतीला लावून. प्रत्येकाच्या हातात फोन. बोलणं आपसात, डोळे पडद्यावर, आणि पडद्यावरून दर थोड्या वेळाने रस्त्यावर. येणारी प्रत्येक गाडी पाहिली जात होती. मीही पाहिली गेले आणि बिनकामाची ठरले.

शनिवारची रात्र आणि गल्लीचा जमाखर्च

टोळ्यांचा अभ्यास जन्मला तोच शिकागोत. फ्रेडरिक थ्रॅशर यांनी १९२७ साली पुस्तक लिहिलं, त्यात शहरातल्या १,३१३ टोळ्यांची नोंद आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की पोरांचा घोळका असतोच; त्याची टोळी होते ती कुणाशी तरी टक्कर झाल्यावर. विल्यम व्हाइट बोस्टनच्या इटालियन वस्तीत जाऊन राहिले आणि १९४३ मध्ये ‘स्ट्रीट कॉर्नर सोसायटी’ हे पुस्तक आलं. त्यातलं बोलिंगचं वर्णन मला नेहमी आठवतं. पोरं शनिवारी रात्री चेंडू टाकून पिना पाडायच्या स्पर्धेला जमत. एक पोरगा एरवी भल्याभल्यांना हरवायचा. पण शनिवारी सगळे जमले की त्याचा नेम चुके, कारण टोळीत त्याचं स्थान खालचं होतं आणि बाकीचे टोमणे मारून त्याला बेजार करीत. म्होरके मात्र बहुधा वरच राहत. टोळीतला क्रम गुणफलकावर उतरत होता, आणि तो तसा उतरावा म्हणून सगळे मिळून झटत होते. हेही एक प्रकारचं सहकार्यच म्हणायचं.

मग आले सुधीर वेंकटेश. चेन्नईत जन्मलेला, कॅलिफोर्नियात वाढलेला हा विद्यार्थी शिकागोच्या दक्षिण भागातल्या टोळीत वर्षानुवर्षं वावरला. टोळीचा जमाखर्चच त्याच्या हाती लागला. अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेविट यांच्याबरोबर त्याने २००० साली तो छापला. खालच्या पोराची कमाई तासाला साधारण ३.३० डॉलर निघाली, म्हणजे किमान वेतनाहूनही कमी. वर मरणाचा धोका. पण त्याच वहीत दुसऱ्याही नोंदी होत्या: पोरांकडून गोळा होणारी वर्गणी, आणि मेलेल्याच्या अंत्यविधीचा खर्च, त्याच्या घरच्यांना मदत. एकीकडे पिळवणूक, दुसरीकडे भिशी. वहीत दोन्ही शेजारीशेजारी.

अशा टोळ्या जिथे नांदल्या ते रॉबर्ट टेलर होम्स मी शोधत गेले. १९६२ साली बांधून झालेले, सोळा-सोळा मजल्यांचे २८ टॉवर, स्टेट स्ट्रीटला दोन मैल लागून. आता एकही नाही. शेवटचा २००७ मध्ये पाडला. काही जागी बुटकी नवी घरं आहेत, बाकी गवत, आणि पलीकडे हायवेच्या मधोमध धावणारी रेड लाइन.

टॉवर पडले, त्याच्या आगेमागे मोठे म्होरके केंद्रीय तुरुंगात गेले, आणि शिकागोच्या जुन्या पायरीपायरीच्या टोळ्या फुटल्या. आज आहेत ती एकेका गल्लीची टोळकी. त्यांची नावं बरेचदा मेलेल्या मित्राच्या नावावरून ठेवलेली. वर बसून हुकूम सोडणारा कोणी नाही, वही नाही, वर्गणी नाही. म्हणूनच सहकार्याचा प्रश्न आता जास्त अवघड झाला आहे. हुकमाने घडणाऱ्या गोष्टीचा उलगडा सोपा असतो. हुकमाविना घडते तेव्हा प्रत्येक पोराचा प्रत्येक वेळचा निर्णय पाहावा लागतो.

पेजर वाजला की लिहायचं

प्रत्येक वेळचा निर्णय पाहायची युक्तीही शिकागोचीच आहे. सत्तरच्या दशकात इथल्या विद्यापीठात मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने लोकांच्या कमरेला पेजर लावले. तो अवेळी वाजायचा. वाजला की हातातलं काम सोडून वहीत लिहायचं: आत्ता कुठे आहात, सोबत कोण आहे, काय वाटतंय. १९८४ मध्ये त्याने आणि रीड लार्सन यांनी ७५ शाळकरी मुलांच्या अशा आठवडाभराच्या नोंदींवर पुस्तक लिहिलं.

यामागचं कारण साधं आहे. माणसाला महिन्यानंतर विचारलं की तो घडलेलं सांगत नाही, जुळवून सांगतो. टोळीतल्या पोराचं तर विचारूच नका. त्याला विचारा, मित्रासाठी काय करशील? तो म्हणेल, जीव देईन. ते खोटं नसतं, पण ते उत्तर म्हणजे त्याची पदवी असते. मंगळवारी संध्याकाळी मित्राने वीस डॉलर मागितले तेव्हा त्याने दिले का, हे त्यातून कळत नाही.

पेजरची जागा फोनने घेतली तेव्हा दोन गोष्टी वाढल्या: फोनला आपण कुठे आहोत ते ठाऊक असतं, आणि उत्तर किती वेळाने आलं तेही. ओहायोतल्या कोलंबस शहरात क्रिस्टोफर ब्राउनिंग यांच्या गटाने ११ ते १७ वयाच्या १,४०५ मुलांना आठवडाभर स्मार्टफोन देऊन त्यांचा वावर टिपला आणि वेळोवेळी छोटे प्रश्न विचारले. ती टोळ्यांची पाहणी नव्हती, सर्वसाधारण मुलांची होती. पण रस्ता तिथून पुढे जातो.

दहा डॉलरचा खेळ

आमच्या ओळखीची सांगलीची एक मुलगी इथे पीएचडी करते. किशोरांच्या आरोग्याच्या पाहणीसाठी फोनवरची प्रश्नावली चालवणं हे तिचं रोजचं काम. तिला जेवायला बोलावलं आणि म्हटलं, तो सहकार्य मोजायचा खेळ दाखव.

‘‘काकू, दाखवते कशाला, खेळूच,’’ ती म्हणाली. ‘‘काका, तुम्हीपण या. एक जण कमी पडतोय, शेजाऱ्यांना बोलवा.’’

खेळ असा. चौघांना प्रत्येकी दहा डॉलर, फोनच्या पडद्यावर. हवे तेवढे सामाईक डब्यात टाका, उरलेले खिशात. डब्यातली रक्कम दुप्पट होते आणि चौघांत सारखी वाटली जाते. सगळ्यांनी दहाच्या दहा टाकले तर प्रत्येकाचे वीस होतात. पण तिघांनी टाकले आणि मी दाबून ठेवले, तर त्यांना पंधरा आणि मला पंचवीस. कुणी काय टाकलं ते दिसत नाही, फक्त डबा दिसतो.

पहिल्या डावात सगळे उदार. दुसऱ्यात डबा थोडा रोडावला. तिसऱ्यात आमच्या ह्यांनी शेजाऱ्यांकडे पाहिलं आणि शेजाऱ्यांनी ह्यांच्याकडे. शेवटी डब्यात चिल्लर उरली. ती हसून म्हणाली, जगभर असंच होतं. खरंच होतं. पण अर्न्स्ट फेर आणि सिमोन गेख्टर यांनी दाखवलंय की बुडव्याला स्वतःच्या पदरचे पैसे मोडून दंड करायची मुभा दिली की डबा पुन्हा भरू लागतो. दंड करणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही, तरी तो करतो.

आता हाच खेळ टोळीतल्या पोरापुढे ठेवा आणि एकच गोष्ट बदलत राहा: बाकीचे तिघे कोण? आज तुझ्या गल्लीतले. उद्या शेजारच्या गल्लीतले अनोळखी. परवा ज्यांच्याशी वैर आहे तिकडचे. पापुआ न्यू गिनीत केलेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं होतं की अन्याय झालेला माणूस आपल्या जमातीचा असेल तर लोक त्याच्यासाठी अन्याय करणाऱ्याला जास्त कडक दंड करतात. ‘आपला’ हा शब्द पैशात मोजता येतो, असा त्याचा अर्थ.

आणि गुन्हेगार म्हणजे स्वार्थी, हा समजही टिकत नाही. ‘कैद्यांची कोंडी’ हा खेळ, म्हणजे दोघांनी एकमेकांना साथ द्यायची की दगा हे ठरवायचं, सगळ्या जगाने खेळला, खरे कैदी सोडून. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दोन जर्मन अर्थशास्त्रज्ञांनी लोअर सॅक्सनीतल्या महिला तुरुंगात तो खेळवला. बक्षीस कॉफी किंवा सिगारेट. एकाच वेळी निर्णय घ्यायच्या डावात विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांपैकी ३७ टक्क्यांनी सहकार्य केलं, कैद्यांपैकी ५६ टक्क्यांनी.

टोळीतल्या पोरांना प्रयोगशाळेत बोलावून डब्याचा खेळ का खेळवत नाहीत? कारण पोरगा तिथवर पोचायलाच हवा. वाटेत परक्यांची गल्ली लागते. पोचलाच तर बाकावर शेजारी वैऱ्याच्या टोळीतला कोणी बसलेला असू शकतो. त्या बैठकीत जे घडेल त्याचा अहवाल पोलिसांनाच लिहावा लागेल. फोनवर चौघे चार ठिकाणी असतात आणि एकमेकांना कधी पाहत नाहीत.

दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. भरवसा ही माणसाच्या अंगची स्थिर वस्तू नाही. मित्राच्या अंत्यविधीहून परतलेला पोरगा आणि शाळेत गणिताचा तास चुकवून बसलेला पोरगा एकच असला तरी त्याचे दहा डॉलर दोन वेळी दोन ठिकाणी जातील. फोन हे दोन्ही वेळी विचारू शकतो.

बॅटरी संपली, नंबर बदलला

कागदावर छान दिसणारी ही पद्धत रस्त्यावर कशी लंगडते, ते त्या मुलीने जेवताना सांगितलं. फोन हरवतो, फुटतो, विकला जातो. डेटा संपतो. नंबर बदलतो. प्रश्न येतो तेव्हा पोरगा वर्गात असतो, गाडी चालवत असतो किंवा झोपलेला असतो. कधी उत्तर धाकटी बहीणच देऊन टाकते, कारण पूर्ण उत्तरांना पैसे असतात. प्रश्न सहापेक्षा जास्त झाले की पोरं डोळे मिटून एकच बटण दाबत सुटतात. उत्तरांचा वेग पाहून ते ओळखता येतं.

हे झालं सगळ्याच किशोरांचं. टोळीतल्या पोराचं दुखणं वेगळं. कट्ट्यावर फोन थरथरतो, शेजारचा डोकावतो, आणि पडद्यावर प्रश्न असतो: आत्ता तुझ्यासोबत कोण आहे? एवढ्यावर पोरगा खबरी ठरतो. आणि खबरी ठरल्यावर पुढे काय होतं, ते शिकागोत काय आणि मुंबईत काय, सांगायला नको. म्हणून प्रश्न आडवळणाचे लागतात. माणसांची नावं विचारायची नाहीत, पोराने स्वतः ठरवलेली खूण चालवायची. गुन्ह्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. जागा टिपायची ती मोघम, घराचा ठिपका नव्हे तर वस्तीचा तुकडा. भर कट्ट्यावरही मोठ्याने वाचायला संकोच वाटू नये, असा प्रत्येक प्रश्न असावा.

एवढं करूनही एक भोक उरतं. पोरगा नेमका केव्हा उत्तर देत नाही? राडा चालू असतो तेव्हा. पळत असतो तेव्हा. पोलीस ठाण्यात असतो तेव्हा. ज्या क्षणांसाठी हा सगळा खटाटोप, तेच क्षण कोरे येतात. आकडेशास्त्रात कोऱ्या जागा भरायच्या रीती आहेत. माझा त्यांच्यावर फारसा विश्वास नाही.

दुःखानंतरचे दोन दिवस

काही संशोधकांनी प्रश्न विचारणंच सोडलं. पोरं फोनवर आपणहून जे लिहितात तेच वाचायचं. डेस्मंड पॅटन हे समाजकार्याचे अभ्यासक. त्यांनी शिकागोतल्या एका मुलीचं ट्विटर वाचलं. ती १७ वर्षांची असताना २०१४ मध्ये गोळीबारात मारली गेली होती. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा: टोळीत वावरणाऱ्या पोरांच्या लिखाणात आधी शोक येतो, आणि साधारण दोन दिवसांत त्याची जागा धमक्या घेतात. मधल्या दोन दिवसांत कोणी जाऊन शेजारी बसलं, तर कदाचित धमकीवर येणारच नाही.

पॅटन यांच्या कामातली मला आवडलेली गोष्ट निष्कर्षापेक्षा पद्धतीत आहे. संगणकाला शिकवण्यासाठी आधी माणसांनी प्रत्येक ट्विटवर खूणचिठ्ठी लावायची असते. विद्यापीठातल्या शिकलेल्यांनी एक ट्विट सरळ आक्रमक म्हणून नोंदवलं. त्याच वस्तीतल्या पोरांना पगार देऊन बसवलं होतं. ती म्हणाली, अहो ही इथल्या एका रॅपरच्या गाण्यातली ओळ आहे. त्या एका चिठ्ठीवर एखाद्याच्या घरी पोलीस जाऊ शकले असते.

फॉरेस्ट स्ट्युअर्ट हे दुसरे अभ्यासक शिकागोतल्या रॅप करणाऱ्या पोरांत राहिले. त्यांच्या २०२० च्या पुस्तकातून दिसतं की पडद्यावरची बरीचशी गुरगुर पडद्यावरच राहते. बंदूक बरेचदा उसनी आणलेली, धमकी बाजारासाठी दिलेली. रील पाहून पोरगा किती खतरनाक आहे हे ठरवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

यादीत एकदा नाव आलं की

निळ्या दिव्यांकडे, म्हणजे पोलिसांकडे परत येऊ. शिकागो पोलिसांनी २०१२-१३ च्या सुमारास एक यादी सुरू केली. गोळीबारात कोण सापडेल याचं भाकीत करून संगणक प्रत्येकाला ५०० पर्यंत गुण द्यायचा. तिच्यात अखेर जवळजवळ चार लाख माणसं होती. रँड या संस्थेने २०१६ मध्ये सुरुवातीची यादी तपासली तेव्हा दिसलं, की यादीतल्या माणसांचा बळी जाण्याचा धोका तिने कमी केला नाही. त्यांची अटक होण्याची शक्यता मात्र वाढली. पुढे यादी गुंडाळली.

कॅलिफोर्नियाची टोळीसूची तर विनोदी म्हणावी इतकी वाईट निघाली. २०१६ च्या सरकारी लेखापरीक्षणात ४२ नावं अशी सापडली, की नोंद झाली तेव्हा त्यांचं वय एक वर्षाहून कमी होतं. त्यातल्या २८ तान्ह्यांनी आपण टोळीत असल्याची कबुली दिल्याचं लिहिलं होतं.

या पार्श्वभूमीवर विद्यापीठातलं कुणी येऊन म्हणतं, तुझ्या फोनमध्ये हे ॲप टाक, तू कुठे असतोस, कोणासोबत असतोस आणि कोणासाठी पैसे सोडतोस ते आम्हाला कळू दे. पोराने का ऐकावं? अमेरिकेत याला कायद्याचं एक उत्तर आहे. राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पैशावर चालणाऱ्या अशा पाहण्यांना गोपनीयतेचं प्रमाणपत्र मिळतं, २०१७ पासून आपोआप. न्यायालयाने मागितली तरी संशोधकाला सहभागी माणसाची ओळख देता येत नाही. नुसतं वचन पुरत नाही हे बोस्टन कॉलेजच्या प्रकरणात दिसलं. उत्तर आयर्लंडमधल्या सशस्त्र गटांच्या माजी सदस्यांनी, मरेपर्यंत बाहेर येणार नाही या भरवशावर मुलाखती दिल्या होत्या. २०११ मध्ये ब्रिटिश पोलिसांसाठी त्या टेप मागवल्या गेल्या आणि काही द्याव्याही लागल्या.

मुठीतला चेंडू आणि पुण्यातली परेड

अशा पोरांसोबत काम करणारे सगळेच फोन वापरत नाहीत. शिकागोच्या शाळांत ‘बिकमिंग अ मॅन’ नावाचा कार्यक्रम चालतो. त्यातल्या पहिल्या खेळात दोन पोरांची जोडी लावतात. एकाच्या मुठीत चेंडू. दुसऱ्याला सांगतात, तीस सेकंदांत तो मिळव. झोंबाझोंबी होते, बोटं पिरगाळली जातात. नंतर विचारतात: तू त्याला नुसता मागितला का नाहीस? मूठवाला म्हणतो, मागितला असता तर दिला असता, साधा चेंडूच तर आहे. शिकागो विद्यापीठाच्या गटाने २०१७ मध्ये मांडलेल्या निष्कर्षानुसार कार्यक्रम चालू असताना या पोरांच्या हिंसक गुन्ह्यांतल्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी घटल्या होत्या. त्यात ॲप नव्हतं, एक शिकवणारा होता आणि एक चेंडू.

हे सगळं वाचताना पुणं डोळ्यांपुढे येणं अटळ आहे. कोयते नाचवणारी कोवळी पोरं, त्यांची स्टेटस, ‘भाईचा बड्डे’. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी नामचीन गुन्हेगारांना आयुक्तालयात बोलावून परेड काढली, रील टाकाल तर खबरदार अशी तंबी दिली. त्या परेडचीच चित्रफीत नंतर फोनाफोनांवर फिरली. लॉस एंजेलिसच्या टोळ्यांवर आयुष्य घालवलेले माल्कम क्लाइन साठच्या दशकातच सांगत होते, की टोळी मुळात विसविशीत असते आणि तिला घट्ट करतं ते बाहेरच्यांचं लक्ष. तिथे तर भल्या हेतूने नेमलेल्या कार्यकर्त्यांमुळेही टोळ्या जास्त बांधल्या गेल्या होत्या. परेडने काय होत असेल?

आपल्याकडे कट्ट्यावरच्या पोरांतला भरवसा मोजायला कोणी निघालं, तर ॲप बनवायला महिना लागणार नाही; पुण्यात तशी पोरं-पोरी शेकड्यांनी आहेत. अडेल ते दुसरीकडे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा कायद्यात गुन्ह्याच्या तपासासाठी सवलती आहेत, आणि संशोधकाला पोलिसांपुढे दाखवता येईल असं अमेरिकेसारखं प्रमाणपत्र नाही. ते होईपर्यंत कोणी संस्था कितीही चांगल्या हेतूने फोनमध्ये ॲप टाकायला आली, तर पोरांनी सरळ नाही म्हणावं, आणि त्यांच्या आयाबापांनीही त्यांच्या बाजूने उभं राहावं.